वाडीला जुळणारा शब्द

यमक सापडलं की ते शड्डू ठोकायचे. उजवा पाय पुढे टाकायचा, किंचित वाकायचं आणि तळहात मांडीवर असा आपटायचा की छापखान्यातल्या लाकडी खणांमधले शिशाचे खिळे थरथरायचे. माझ्या पहिल्याच दिवशी त्या आवाजानं दचकून माझ्या हातातली, खिळे जुळवायची भरलेली स्टिक खाली पडली. जुळवलेल्या चार ओळी जमिनीवर विखुरल्या. मी रागानं वर पाहिलं. समोर सहा फुटी माणूस, दोन्ही कान कुस्तीत फुटून चुरमडलेले, अंगात मळकट शर्ट, आणि चेहऱ्यावर लहान पोरासारखा आनंद.

‘घावलं, पावणं,’ ते म्हणाले. ‘तीन दिस अंगाला तेल लावल्यागत निसटत हुतं.’

त्या काळात तुम्ही कोल्हापुरात महाद्वाराच्या आसपास राहिला असाल तर तो आवाज तुम्हीही ऐकला असेल. आमचा छापखाना तिथल्याच एका बोळात होता. देश स्वतंत्र झाला त्या साली मी तिथं जुळारी म्हणून लागलो. जुळाऱ्याचं काम म्हणजे दिवसभर उभं राहून एकेका अक्षराचा खिळा उचलायचा आणि ओळी जुळवायच्या. कुस्तीची हँडबिलं, लग्नपत्रिका आणि जत्रेत विकायच्या गाण्यांच्या पुस्तिका आम्ही छापायचो. पुस्तिकांतली निम्मी गाणी त्यांची असायची. गुडघा निखळून कुस्ती सुटल्यावर ते पवाड्यांकडे वळले होते. लोक त्यांना शाहीर म्हणत, त्यांना मात्र ते आवडत नसे. ‘पैलवान म्हण,’ असं ते बजावून सांगत.

‘तू खिळं जुळीवतोस, मी यमकं,’ ते मला म्हणायचे. ‘दोघं एकाच तालमीतलं.’

यमक शोधायची त्यांची रीतही तालमीतलीच होती. शब्द अडला की ते भिंतीसमोर उभे राहायचे आणि ‘क’पासून सुरुवात करायचे. प्रत्येक अक्षराला भिंतीवर एक बुक्की. एका जागी गिलावा पार विटेपर्यंत गेला होता. मालक पाठीमागे कुरकुरायचे, पण तोंडावर बोलायची त्यांची छाती नव्हती.

आणि एक गोष्ट. ज्याच्यावर गाणं रचायचं ते त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिलं नाही. ‘बघितलं की बिघडतंय,’ ते म्हणायचे. ‘डोळं उघडलं की कान मिटत्यात. यमक कानानं धरायचं असतंय.’ लढाया, पूर, खून, सगळं त्यांनी ऐकीव माहितीवर रचलं. पन्हाळा आमच्यापासून बारा मैलांवर, पण त्याचा पवाडा पुरा होईपर्यंत ते तिकडे फिरकले नाहीत.

राग त्यांच्या तोंडात नव्हता, हातात होता. एकदा एक गृहस्थ मुलाच्या लग्नासाठी मंगलाष्टकं करून घ्यायला आले. नवऱ्या मुलाचं नाव दत्तात्रय. दोन दिवस भिंत झोडपूनही पैलवानांना काही जुळेना. शेवटी ते गृहस्थांना म्हणाले, ‘नवऱ्याचं नाव बदला.’ गृहस्थ हसले. ‘थट्टा करालोय व्हय मी?’ असं म्हणून पैलवानांनी आधी त्यांची टोपी बोळात भिरकावली आणि मागोमाग त्यांनाही. मांडवात मुलाचं नाव दत्ताजी म्हणून घेतलं गेलं, असं मागून कानावर आलं.

कॉलेजातले एक तरुण कवी यमक नसलेल्या कवितांची वही घेऊन आले होते. पैलवानांनी एक पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि कवींना कॉलर धरून जमिनीपासून वीतभर वर उचललं. ‘लंगोट न बांधता आखाड्यात उतरतोस?’ कवींचा चेहरा जांभळा पडायला लागला तेव्हा मालकांनी पाया पडून त्यांना सोडवलं. ते पुस्तक आमच्याकडे छापलं गेलं नाही.

आणि तो सवाल-जवाबाचा फड. दोन शाहीर समोरासमोर, एकानं ओळ टाकायची, दुसऱ्यानं यमक साधून उत्तर द्यायचं. जो अडेल त्यानं आपला डफ समोरच्याच्या पायाशी ठेवायचा, हा रिवाज. त्या दिवशी पैलवान अडले. ते उठले, डफ घेऊन गेले, पायाशी वाकले आणि तोच डफ त्या शाहिराच्या डोक्यात घातला. कातडं फाटून लाकडी कडं त्याच्या गळ्यात अडकलं. मग त्याच्या माणसांनी पैलवानांचे पुढचे तीन दात पाडले. दुसऱ्या दिवशी सुजलेलं तोंड घेऊन ते छापखान्यात आले आणि म्हणाले, ‘यमक घावलं की गड्या. पर दात पडल्यावर.’

मी पोट धरधरून हसलो. त्यांची मारामारी मला तेव्हा मौजेची वाटायची. अठ्ठेचाळीसच्या दंगलीत आमच्या शहरानं घरं जळताना पाहिली होती, तरी मला अक्कल आली नव्हती.

आजऱ्याकडच्या डोंगरात एक वाडी आहे. चळवळीच्या दिवसांत तिथला महादू नावाचा एक तरुण वाडीवरच्या जंगलात लपला होता आणि शिपायांनी त्याला तिथं गोळी घातली. तिकडून कुस्ती बघायला आलेल्या एका माणसानं ही हकीकत पैलवानांना सांगितली.

‘शिपायांस्नी सांगितलं कुणी?’ पैलवानांनी विचारलं.

‘काय ठावं. सांगितलं असंल की कुणीतरी,’ तो म्हणाला.

पैलवानांना तेवढं पुरलं. फितुराशिवाय पवाडा म्हणजे मिठाशिवाय पिठलं, हे त्यांचं ठाम मत होतं.

पवाडा चांगला झाला होता. खरंच चांगला, खिळे जुळवताना माझ्या अंगावर काटा आला होता. फक्त शेवटच्या कडव्यात एक ओळ अडली. जत्रा तोंडावर आली होती, जुळवलेल्या पानांचा फर्मा मशीनवर चढायचा खोळंबला होता आणि मालक दारात घिरट्या घालत होते. आधीची ओळ अशी होती: ‘शिपाई शिरले रानामधनं, झोपली होती वाडी.’ फितुराची ओळ हिला जुळवायची होती. पैलवान भिंतीशी गेले. काडी, बुक्की. खाडी, बुक्की. गाडी आधीच्या कडव्यात वापरून झाली होती. चाडी, जाडी, झाडी. धाडी, नाडी. ‘ब’पाशी येऊन ते थांबले आणि चहा मागवला. सकाळपासून उभं राहून माझे पाय भरून आले होते. मी मान वर न करता म्हणालो, ‘म घ्या की. माडी.’

असा शड्डू मी पुन्हा कधी ऐकला नाही. उभ्या उभ्या त्यांनी ओळ सांगितली आणि मी ती जुळवली: ‘फितूर बघतो खिडकीआडनं, उंच तयाची माडी.’ जाताना त्यांनी माझ्या पाठीत एक गुद्दा घातला. त्यांच्या लेखी ती शाबासकी होती.

चैत्रात त्याच वाडीच्या जत्रेचं आमंत्रण आलं. महादूचा पवाडा महादूच्या गावात. पुस्तिका विकायला मालकांनी मला बरोबर पाठवलं. सर्व्हिस मोटारीनं आजऱ्यापर्यंत आणि पुढे बैलगाडीनं आम्ही पोचलो तेव्हा कुस्त्या सुरू झाल्या होत्या. त्या संपल्यावर भाताच्या मोकळ्या खाचरात पवाडा उभा राहिला. आसपासच्या वाड्यांवरचे लोक दाटीवाटीनं बसले होते. सगळ्यांत पुढे महादूची आई होती.

मी कडेला उभा राहून गाव बघत होतो. सगळी घरं बसकी, आणि मधोमध एकच घर दुमजली. घरमालकाचा भाऊ मुंबईला गिरणीत होता, त्यानं वरचा मजला चढवून घेतला होता, हे मला नंतर कळलं. वरच्या खोलीला आमच्या बाजूनं एक खिडकी होती आणि त्या खिडकीत एक बाई पवाडा ऐकत उभी होती. हे सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तरीही माझ्या डोक्यात काही आलं नाही. मी गठ्ठ्याची दोरी सोडत होतो.

मग ती ओळ आली. मागे साथ करणाऱ्या झीलकऱ्यांनी ‘जी जी’ म्हणायच्या आत सगळ्या माना मागे वळल्या. एवढी माणसं एकदम वळतात तेव्हा त्याचाही आवाज होतो. महादूची आई उठली आणि तिनं त्या खिडकीकडे हात केला. बाई घाबरून आत सरकली. ती सरकली म्हणजे खरंच, असं लोकांनी धरलं.

‘थांबा,’ पैलवान ओरडले. ‘आरं यमकासाठी हाय ते. नुसतं यमकासाठी हाय.’

कोण ऐकणार? कुस्तीला आलेले गडी लंगोटावरच धावले. कुऱ्हाडीनं दार फोडलं, परसातल्या पेंढ्याला काडी लावली आणि घरमालकाला केसांना धरून अंगणात आणलं. फितुराला त्या मुलखात एक ठरलेली शिक्षा होती, तळपायांवर काठ्या. त्या दिवशी काठ्यांवर भागलं नाही. कुणीतरी घराघरांतून मुसळं आणली. दोघे त्याच्या छातीवर बसले, दोघांनी पाय धरले. पहिल्या घावाला तो ओरडला, तिसऱ्याला नुसताच श्वास आला. हाडं मोडल्याचा आवाज मला बांधापर्यंत ऐकू येत होता.

पैलवान गर्दीत घुसले. आयुष्यात मी त्यांची कुस्ती पाहिली ती तेवढीच. एकाला त्यांनी उचलून जात्यावर आपटलं, दुसऱ्याच्या नाकाडावर डोकं हाणलं, तिसऱ्याचा हात पिरगाळून खांद्यातून काढला. पण माणसं किती होती. शेवटी ते घरमालकावर पालथे पडले आणि त्याला अंगाखाली झाकून घेतलं. मुसळं त्यांच्या पाठीवर आणि उजव्या हातावर पडत राहिली. पेटलेला वरचा मजला कडकडत खाली आला तेव्हाच लोक मागे हटले. बाईला मागल्या बाजूनं कुणीतरी उतरवलं होतं म्हणून ती वाचली.

मी काय करत होतो म्हणाल, तर मी पुस्तिकांचा गठ्ठा छातीशी धरून बांधाआड बसलो होतो.

तो माणूस जगला, पण गुडघ्याखाली त्याचे पाय कामातून गेले. पैलवानांचा उजवा हात कोपरात वाकडा बसला तो कायमचाच. शड्डू गेला.

छापखान्यात मालकांनी पुस्तिका पुढे टाकून विचारलं, ‘हे माडी कुणी घातलं?’ विचारताना ते माझ्याकडे बघत होते. त्या दिवशी दारात तेही होते. पैलवान म्हणाले, ‘माझ्या तोंडातनं गेलं ते माझं.’ मी खिळे खणांत परत टाकत होतो, टाकत राहिलो. पुढे एकट्यात असतानाही त्यांनी हा विषय कधी काढला नाही. चार थपडा मारल्या असत्या तर मी मोकळा झालो असतो. पुस्तिकेवरचं स्वतःचं नाव मात्र त्यांनी काढायला लावलं. ‘असल्या लेकराला बाप नको,’ ते म्हणाले. म्हणून मीही इथं त्यांचं नाव घेत नाही.

हात गळ्यात बांधून ते दोन महिने त्या डोंगरात भटकले. गाण्यातली गोष्ट बघायला ते जन्मात पहिल्यांदाच बाहेर पडले होते. दोन गावांत लोकांनी हाकलून लावलं, एका गावात कुत्री अंगावर सोडली. शेवटी चंदगडला पेन्शनीत निघालेला एक शिपाई सापडला. महादूला मारणाऱ्या तुकडीत तो होता. तो म्हणाला, ‘कोण सांगणार आमास्नी? आमीच रानात वाट चुकलोवतो. धूर दिसला म्हणून वर गेलो. पोरगं भात शिजवत हुतं.’

म्हणजे फितूर नव्हताच.

पैलवान परत आले ते थेट भिंतीशी. मालकांना त्यांची दया आली असावी. ते म्हणाले, ‘निर्दोष होती माडी, असं करा. यमक तेच राहतंय.’

‘माडी म्हटलं की माना वळणार,’ पैलवान म्हणाले. ‘शब्दच काढाय पायजे तिथनं.’

आता डावी मूठ. काडी, बुक्की. खाडी, बुक्की. गाडी, बुक्की. चाडी. तिथं मूठ भिंतीवरच राहिली. हाच शब्द त्या दिवशी याच भिंतीवर आपटून ते पुढे गेले होते. थोड्या वेळानं त्यांनी ओळ सांगितली: ‘चुलीचा धूर चढला वरती, त्यानंच सांगितली चाडी.’ चाडी म्हणजे चहाडी; यमक चोख बसलं होतं. पैलवान भिंतीला टेकून खाली बसले आणि मोठ्यानं रडले. एवढ्या मोठ्या देहाचं रडणं आम्हाला बघवेना. मी ओळ जुळवली, पण तीन वेळा चुकली.

पुढची आठ वर्षं ते ही एक ओळ घेऊन जत्रा-जत्रा फिरले. लोकांना धूर नको होता. धुराला कुणी बदडू शकत नाही. जुनी पुस्तिका घरोघर गेली होती आणि जुनी ओळ पोराटोरांच्या तोंडी बसली होती. पैलवान नवी ओळ म्हणू लागले की मागून आरडाओरडा सुरू व्हायचा, ‘माडी म्हणा, शाहीर.’ शिरोळकडे एका जत्रेत उसाच्या टिपऱ्या फेकून लोकांनी त्यांचं डोकं फोडलं. रक्त डोळ्यांत येत असताना ते चाडी, चाडी असं दहा वेळा म्हणाले आणि मग खाली उतरून पहिल्या रांगेतल्या दोघांना तुडवलं.

कोल्हापुरातच एका मैदानात दुसरा एक शाहीर जुनी ओळ म्हणत होता. पैलवानांनी डाव्या हातानं त्याचा गळा धरला. चौघांनी मिळून तो हात सोडवेपर्यंत शाहिराचे डोळे पांढरे झाले होते. तो मेला नाही हे दोघांचंही नशीब. पैलवान तीन महिने तुरुंगात राहिले. सुटल्यावर ते छापखान्यात आले आणि खणांपाशी माझ्या शेजारी उभे राहिले.

‘एक ओळ मारायला किती दिस लागत्यात रं?’ त्यांनी विचारलं. ‘माणूस तर घडीत मरतोय की.’

‘तो शब्द माझा होता’ एवढं एकच वाक्य सांगायला हवं होतं आणि ते माझ्या तोंडातून निघत नव्हतं. दरवर्षी चैत्रात ते आठ दिवस त्या वाडीला जाऊन राहायचे, एवढं मला ठाऊक होतं. तिथं काय करतात ते विचारायची मला हिंमत झाली नाही.

आठव्या वर्षी चैत्र लागताच, वाडीला जायच्या आधी, गडहिंग्लजच्या अलीकडे एका जत्रेत त्यांना दगड लागला. नवी ओळ निम्मी झाली होती. दगड कानशिलावर बसला. तिथल्या झीलकऱ्यानं मला सांगितलं की त्यांनी ओळ पुरी केली, शेवटचा शब्द नीट म्हटला आणि मग खाली बसले. एसटीच्या मागल्या बाकावर आडवं घालून त्यांना कोल्हापूरला आणलं. दोन दिवसांनी ते गेले. दगड कुणी मारला ते कळलं नाही. कळलं असतं तरी मी काय करणार होतो?

दहावं झाल्यावर मी वाडीला गेलो.

लोक त्या घरमालकाला अजून माडीवालाच म्हणत होते. घर मात्र आता बसकंच होतं. वरचा मजला त्यानं पुन्हा चढवला नव्हता. तो अंगणातल्या कट्ट्यावर बसून काठीनं कोंबड्या हाकत होता. पायांवर घोंगडं होतं.

‘पैलवान गेले,’ मी म्हणालो.

‘यंदा आलं न्हाईत, तवाच मनात आलतं,’ तो म्हणाला.

‘तो माडी शब्द माझा होता,’ मी म्हणालो. ‘मी त्यांना दिला.’

‘पैलवान तर म्हणायचं, माझाच हाय.’

‘ते खोटं सांगत होते.’

त्यानं हातातली काठी माझ्या नडगीवर घातली. बसल्या जागेवरून माणूस इतक्या जोरानं मारू शकतो हे मला माहीत नव्हतं. डोळ्यांपुढे अंधारी आली. दुसरा फटका त्याच जागेवर बसला आणि कातडी फुटली. मी पाय मागे घेतला नाही. तिसऱ्या फटक्याला काठी मोडली. हातात उरलेला तुकडा त्यानं अंगणात फेकला आणि धापा टाकत माझ्याकडे बघत राहिला. आवाज ऐकून बायको दारात आली. खिडकीतली बाई तीच, हे मी ओळखलं.

‘भात वाढ ह्येला,’ तो तिला म्हणाला. ‘लांबनं आलाय.’

मी आत जाऊन पानावर बसलो. नडगीतून रक्त येत होतं, पण खरं सांगतो, मला बरं वाटत होतं. वाढायला त्यांची मुलगी आली. पाच-सहा वर्षांची असेल, म्हणजे त्या दिवसानंतर जन्मलेली. वाढता वाढता ती गुणगुणत होती, ‘चुलीचा धूर चढला वरती, त्यानंच सांगितली चाडी.’

‘कुणी शिकवलं?’ मी विचारलं.

‘पैलवान आज्जानं. दरसाल म्हणून घ्यायचं माझ्याकडनं.’

‘या ओळीच्या जागी दुसरी एक ओळ होती ना?’ मी हळूच विचारलं. ‘जुनी?’

मुलीनं जरा विचार केला.

‘न्हाई,’ ती म्हणाली. ‘एवढीच हाय.’ आणि तिनं माझ्या पानात मीठ वाढलं.